मुंबई–नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नागपूरची, गेली अठरा वर्षं डोंबिवलीत. माहेर तिकडे आणि संसार इकडे असल्याने हा प्रवास किती वेळा झाला त्याची मोजदाद नाही. आधी नातेवाईक विचारायचे, मग त्यांचे शेजारी, आता ओळख नसलेले लोकही मेसेज करतात. कोणाला आईला तपासायला परळला न्यायचं असतं, कोणाचं मंत्रालयात काम अडलेलं असतं, कोणाच्या मुलीची मुलाखत असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी प्रश्न ५ तरी वाचावा.

१. मुंबई ते नागपूर विमानाने अंतर किती?

सरळ रेषेत सुमारे ६८३ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत ३६९ सागरी मैल. हे अंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापर्यंतचं, म्हणजे आपल्या सोनेगावपर्यंतचं. नागपूर शहरातल्या झिरो माईलच्या (अंतरं मोजायच्या जुन्या) खांबाशी या मोजमापाचा संबंध नाही.

विमान काही अगदी या रेषेवरून जात नाही. मुंबईहून ते बहुतेक वेळा समुद्राच्या दिशेने उडतं आणि मग वळून पूर्वेला येतं. नागपूरला उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला पुन्हा वळसा पडतो. त्यामुळे प्रत्यक्षात सातशेच्या थोडं वर धरा.

२. थेट विमानाला वेळ किती लागतो?

वेळापत्रकात साधारण १ तास २५ मिनिटं ते १ तास ४५ मिनिटं. हवेत मात्र १ तास ५ ते १५ मिनिटंच. हा फरक कसा पडतो ते पुढच्या उत्तरात.

३. तिकिटावर दीड तास आहे, पण वैमानिक म्हणतो “एक तास पाच मिनिटांत पोहोचू”. खरं कोणतं?

दोन्ही खरं. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. विमानाच्या चाकांना लावलेल्या अडणी काढल्या की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर त्या पुन्हा लावल्या की बंद होतं. त्यात मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत थांबणं हे सगळं येतं. वैमानिक सांगतो ती फक्त चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची वेळ.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सूट धरून ठेवतात, कारण मुंबईत रांग लागणार हे ठरलेलंच असतं. म्हणून विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं. नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलं तर ते हिशेबात ‘वेळेवर’ धरतात, हेही लक्षात असू द्या.

४. कुठे ६८३, कुठे ७०१, कुठे ८३७ किलोमीटर लिहिलेलं असतं. अंतर नक्की किती?

हे तीन वेगळे रस्ते आहेत. ६८३ हवेतलं. ८३७ रेल्वेचं, सीएसएमटी ते नागपूर. गाडी कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड करत भुसावळला वर जाते आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धा असं खाली येते. हा बाक दीडशे किलोमीटरचा भुर्दंड घालतो.

७०१ ही समृद्धी महामार्गाची लांबी. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. पण रस्ता भिवंडीजवळच्या आमण्याला संपतो. तिथून पुढची मुंबई ७०१ मध्ये धरलेली नाही. सरकारी हिशेबाने सोळा तासांचे आठ तास झाले. लहान मुलं, जेवणखाण आणि भिवंडी-ठाण्याची गर्दी धरली तर आमच्या घरचा हिशेब दहा तासांचा आहे.

५. सगळं धरून, घरापासून मुक्कामापर्यंत किती वेळ लागतो?

खरं तर लोकांनी हाच प्रश्न आधी विचारायला हवा. दीड तासाचं विमान म्हणून सकाळी सातला निघून नऊ वाजताची डॉक्टरांची वेळ घेणारे लोक मला दर महिन्याला भेटतात, आणि त्यांची धावपळ बघवत नाही.

गेल्या मार्चमध्ये वडिलांना नागपूरहून परळला आणलं तेव्हा मी बोर्डिंग पासच्या मागे वेळा लिहीत गेले. तो कागद समोर ठेवूनच हे लिहिते आहे:

५:१० मनीषनगरचं घर सोडलं. ५:३५ विमानतळ. ७:०५ सुटायची वेळ. ७:१२ विमान हललं. ७:२४ चाकं उचलली. ८:३३ मुंबईत चाकं टेकली. ८:४६ दार उघडलं. ९:०८ पट्ट्यावर बॅग आली. ९:२० टॅक्सीत बसलो. १०:१५ परळ.

एकूण पाच तास पाच मिनिटं. त्यातले हवेत १ तास ९ मिनिटं. आणि हा चांगला दिवस होता: पाऊस नव्हता, विमान जवळजवळ वेळेवर होतं, व्हीलचेअर तयार होती. तेव्हा नागपूर शहरातून मध्य मुंबईत पोहोचायला पाच तास धरा, पावसाळ्यात सहा. भेटीची वेळ त्यानंतरचीच घ्या.

६. विमानतळावर किती आधी पोहोचायचं?

बहुतेक कंपन्यांचं सामान घेण्याचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंगचं दार २५ मिनिटं आधी. नागपूरला दीड तास पुरतो. मुंबईला दोन तास ठेवा, सणासुदीला अडीच. ऑनलाइन चेक-इन करून फक्त हातातली बॅग घेतलीत तर दोन्हीकडचा मिळून अर्धा-पाऊण तास वाचतो. प्रश्न ५ मधले ८:४६ ते ९:०८ बघा.

७. जाताना कमी वेळ आणि येताना जास्त, असं का दाखवतात?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर.

हिशेब करून बघू. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर आणि वारा ताशी ८० असेल, तर जाताना जमिनीवरून बघता वेग ९१० होतो आणि ६८३ किलोमीटरला ४५ मिनिटं लागतात. परतताना वेग ७५०, म्हणजे ५५ मिनिटं. चढण्या-उतरण्याचा वेळ यात धरलेला नाही, पण दहा मिनिटांचा फरक येतो कुठून ते कळतं. पावसाळ्यात वरचे पश्चिमी वारे मंदावतात आणि हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा उशीर होतो तो मुंबईच्या आकाशात (प्रश्न ९).

८. नागपूरला लवकर उजाडतं. मग दोन शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही, सूर्यात आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ ६.२ अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरचा सूर्य सुमारे २५ मिनिटं पुढे. ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा भारतीय प्रमाणवेळेच्याच असतात, त्यात बेरीज-वजाबाकी करू नका.

एक सुंदर गोष्ट मात्र याच फरकाने बघायला मिळते. नागपूरहून संध्याकाळी मुंबईकडे निघालात तर तुम्ही सूर्याच्या मागे जात असता. या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने फिरते आणि विमान तिच्या अर्ध्याहून थोड्या अधिक वेगाने उलट दिशेला पळतं, त्यामुळे मावळतीचे रंग दुप्पट वेळ टिकतात. सोनेगावला सूर्य नुकताच बुडालेला असेल, तर वर चढल्यावर तो क्षितिजावर पुन्हा दिसतोसुद्धा. उन्हाळ्यात यासाठी उजवीकडची खिडकी मागा. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने हे पाहिलं आणि “आई, सूर्य परत उगवला” म्हणून सगळ्या रांगेला सांगितलं.

९. मुंबईच्या जवळ आल्यावर विमान घिरट्या का घालतं?

मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं त्या एकाच पट्टीवर उतरतात आणि उडतात. जरा पाऊस वाढला, दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागलं की मागच्यांना वर थांबवतात. थांबायची एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. खिडकीतून तेच डोंगर तीनदा दिसले, तर बारा मिनिटं गेली असं समजा.

घाबरायचं कारण नाही. या थांबण्यासाठी आणि वेळ पडल्यास दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी लागणारं इंधन निघतानाच भरलेलं असतं.

दर वर्षी पावसाळ्याआधी एक दिवस आणि पावसाळ्यानंतर एक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख खूप आधी जाहीर होते. त्या दिवशी पाचनंतरचं विमानही गर्दीत अडकतं, म्हणून शक्यतो तो दिवसच टाळा.

१०. कोणत्या वेळेचं विमान सर्वांत भरवशाचं?

सकाळी पहिलं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा शहरं फिरतं आणि सकाळी कुठेतरी झालेला उशीर रात्रीपर्यंत साठत जातो. पहाटेच्या विमानाने बहुधा रात्रीचा मुक्काम तिथेच केलेला असतो. डॉक्टरांची वेळ, परीक्षा, कोर्टाची तारीख असेल तर रात्रीच्या विमानावर विसंबू नका. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी निघा.

११. मुंबईत टर्मिनल १, टर्मिनल २ आणि आता नवी मुंबई. नागपूरचं विमान कुठून सुटतं?

तिकिटावर लिहिलेलं असेल तिथून. हे उत्तर रुक्ष वाटेल, पण चुकीच्या ठिकाणी गेल्याने विमान हुकलेले लोक मला माहीत आहेत. टर्मिनल १ पार्ल्याच्या बाजूला आहे, टर्मिनल २ सहारला, आणि दोन्हीकडे जायचे रस्ते वेगळे. भुयारी मेट्रोची म्हणजे ॲक्वा मार्गिकेची दोन्हीकडे स्वतंत्र स्थानकं आहेत. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. मंत्रालयात जाणाऱ्यांनी विमानतळावरून टॅक्सी न करता विधान भवन स्थानकाचं तिकीट काढावं, वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

नवी मुंबईहून प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. तिकिटावर जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम असतो, नव्याचा एनएमआय. तिथून नागपूर पंधरा-सोळा किलोमीटरच जवळ, त्यामुळे हवेतल्या वेळेत फरक नाही. फरक आहे तो तुमच्या घरापासूनच्या वाटेत. पनवेल, वाशी, खारघरला जायचं असेल तर एनएमआय, बोरिवली-अंधेरीला बीओएम.

नागपूरला मेट्रोची ‘एअरपोर्ट’ आणि ‘एअरपोर्ट साउथ’ ही स्थानकं आहेत, पण दोन्ही वर्धा रोडवर. टर्मिनलच्या दारापर्यंत पुढे ऑटो लागतो. सामान जड असेल तर घरूनच ऑटो करा.

१२. मी कल्याणला राहतो. मला विमान परवडेल का? पैशाने नाही, वेळेने.

माझा स्वतःचा अनुभव सांगते: बहुतेक वेळा नाही. डोंबिवलीहून सहारला पोहोचायला मला दीड-दोन तास लागतात. घर ते घर साडेपाच-सहा तास होतात, आणि ते सगळे दिवसाचे, जागेपणाचे.

रात्रीची गाडी घेतली तर विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते, जेवून बसायचं आणि सकाळी नागपूर. तेरा-चौदा तास लागतात, पण त्यातले आठ झोपेचे. सीएसएमटीहून दुरंतो अकरा तासांच्या आसपास घेते. कामाचा दिवस बुडत नाही. म्हणून कल्याण, बदलापूर, कर्जतकडच्यांना मी गाडीच सुचवते. अचानक निघावं लागलं किंवा माणूस आजारी असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १६).

१३. एक थांबा असलेलं तिकीट स्वस्त दिसतंय. घेऊ का?

नको. दिल्लीमार्गे गेलात तर नागपूर–दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर आणि दिल्ली–मुंबई साडेअकराशेच्या आसपास, मिळून जवळजवळ दोन हजार. म्हणजे थेट अंतराच्या तिप्पट. मधला थांबा धरून सहा-आठ तास जातात. तेवढ्यात समृद्धीने बस निम्म्याच्या पुढे आलेली असते.

१४. अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झालं. अंतर कमी असूनही वेळ जास्त का?

बेलोरा विमानतळावरून ही सेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली. सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर, नागपूरपेक्षा दीडशेने कमी. पण तिथे येतं ते पंख्यांचं एटीआर विमान, त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नागपूरचं जेट ८०० च्या वर जातं. म्हणून अंतर कमी असूनही वेळ नागपूरएवढाच किंवा दहा-पंधरा मिनिटं जास्त.

तरीही अमरावती, परतवाडा, दर्यापूरच्या माणसाचे नागपूरपर्यंत जायचे तीन तास वाचतात, ते फार मोलाचे आहेत. विमान रोज नसतं, वार बघून बेत आखा.

१५. विमान रद्द झालं किंवा लांबलं तर काय मिळतं? प्रवासाच्या वेळेशी त्याचा संबंध असतो का?

असतो, आणि फार थोड्यांना हे माहीत असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात भरपाई तिकिटावरच्या प्रवासवेळेवर (प्रश्न ३) ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. मुंबई–नागपूर मधल्या गटात बसतं. ही भरपाई पूर्वसूचना न देता विमान रद्द केलं तर, आणि ती तिकिटाच्या परताव्याशिवाय किंवा दुसऱ्या विमानाशिवाय मिळते. कारण हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचं असेल तर मात्र भरपाई नाही, फक्त परतावा किंवा दुसरं विमान.

दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता किंवा जेवण द्यावं लागतं. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. बुकिंग करताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. एजंटाचा नंबर दिलात तर सूचना त्याला जाते आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं.

१६. आजारी माणसाला आणायचं आहे. वेळेचा हिशेब वेगळा धरायचा का?

हो. प्रश्न ५ च्या वेळेत एक तास वाढवा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच किंवा निदान ४८ तास आधी मागा. व्हीलचेअरच्या प्रवाशाला विमानात बहुधा सर्वांत आधी चढवतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात. प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे विमानतळावर ऐनवेळी होत नाही. औषधं आणि फाइल हातातल्या बॅगेतच ठेवा. वडिलांची फाइल मी मोठ्या बॅगेत टाकणार होते, आईने शेवटच्या क्षणी काढून पिशवीत घातली.

१७. भाडं अंतरावर ठरतं का? सारखं अंतर आणि एकदा चार हजार, एकदा चौदा, असं कसं?

अंतरावर नाही, गर्दीवर. डिसेंबरमध्ये नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी, आणि त्या दिवसांत तिकिटं कडाडतात. दसरा-दिवाळीलाही तेच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक जातात. ६ डिसेंबरसाठी मध्य रेल्वे नागपूरहून खास गाड्या सोडते, आधी त्या बघा.

अंतराचा थेट संबंध अलीकडे एकदा आला. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा केंद्र सरकारने भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००, असे टप्पे होते. आपला मार्ग दुसऱ्या टप्प्यात आला.

१८. आजोबा सांगायचे की मध्यरात्री चारही दिशांनी विमानं सोनेगावला यायची. हे खरं आहे का?

अगदी खरं. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही नागपूरला एकत्र यायची, कारण चौघांनाही मध्ये पडणारं शहर हेच. सोनेगावच्या धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमानं बदलायचे, आणि उजाडायच्या सुमारास चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कोलकात्यात असायचं.

तेव्हा डाकोटा विमानं होती, ताशी पावणेतीनशे किलोमीटर वेगाची. तेच ६८३ किलोमीटर, पण हवेत अडीच तास.